काळजी वाटते म्हणजे विश्वास कमी?

गेल्या काही महिन्यांत एक वाक्य इतक्या वेळा कानावर आलंय की आता त्यावर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. वाक्य असं: "तुला काळजी वाटते ना? म्हणजे तुझा विश्वास कमी पडतोय बघ." कधी हे उपासनेनंतरच्या चहाबरोबर मिळतं, कधी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या फोटोवर छापून येतं, तर कधी अगदी प्रेमाने, पाठीवरून हात फिरवत सांगितलं जातं. सांगणारी माणसं वाईट नसतात. वाक्य मात्र वाईट आहे, खोटं आहे, आणि माझं म्हणणं असं की ख्रिस्ती तर ते मुळीच नाही.

आज शनिवार. रिलीज काल रात्री निघालं, अजून कुणाचा फोन आलेला नाही. तेव्हा मंडळी, जरा सवडीने भांडू.

आधी माझा पत्ता सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. गाव कोरेगाव, जिल्हा सातारा. घर ख्रिस्ती. नोकरी पुण्यात, आयटीत. म्हणजे काळजीचे दोन्ही प्रकार मी जवळून पाहतो. गावाकडची काळजी आभाळाकडे आणि बाजाराकडे बघत असते. आल्याची लागण केली तर काढणीपर्यंत भाव राहील का? आमच्या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने पाऊस पडत नाही. पुण्यातली काळजी स्क्रीनकडे बघत असते. अप्रेझल, लेऑफ, फ्लॅटचे हप्ते, आणि आता "आपलं काम एआय करणार का" ही नवी भर. गावचा माणूस काळजी बोलून दाखवतो, पारावर बसून सरकारला चार शिव्या देतो आणि मोकळा होतो. आपण मात्र हेडफोन लावून, चेहरा शांत ठेवून, आतल्या आत दळत बसतो.

अशा दळणाऱ्या माणसाला जेव्हा कुणी सांगतं की तुझी काळजी हा तुझ्या विश्वासातला दोष आहे, तेव्हा काय होतं? त्याची काळजी कमी होत नाही. तिच्यावर आणखी एक काळजी चढते. आधी नोकरीची होती, आता आपल्या आत्म्याची. एका बगवर पॅच मारावा आणि दोन नवे निघावेत, तशातली गत.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा, माझ्याच वयाचा, माझ्याच धंद्यातला. त्याला घबराटीचे झटके यायचे. मीटिंगच्या आधी छाती धडधडायची, हात गार पडायचे. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या होत्या, गुण येत होता. मग प्रार्थनेच्या एका बैठकीत त्याला सांगण्यात आलं की गोळी हा अविश्वास आहे, पूर्ण भरवसा ठेव आणि सोडून दे. त्याने एका रात्रीत गोळ्या बंद केल्या. या प्रकारची औषधं डॉक्टरांना न विचारता एकदम तोडली की चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात, मूळ आजारही उलटू शकतो. त्याचं दोन्ही झालं. तीन आठवड्यांनी त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरा आहे, कामावर परतलाय. पण त्या तीन आठवड्यांत त्याला सगळ्यात जास्त छळलं ते छातीच्या धडधडीने नव्हे. "देवाने मला टाकलं" या विचाराने. तो विचार आजाराने घातला नव्हता, माणसांनी घातला होता. मला राग आहे तो याचा.

आता मुद्द्यावर येऊ.

ज्यांना "चिंता करू नका" हे वचन पोस्टरसारखं वापरायची सवय आहे, त्यांनी जरा शब्दांकडे बघावं. डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, येशू उद्याची चिंता करू नका असं सांगतो. पौल फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात कशाचीच चिंता न करता प्रार्थनेत मागणं मांडायला सांगतो. दोन्हीकडे मूळ ग्रीकमध्ये क्रियापद एकच आहे: मेरिम्नाओ. इथवर पोस्टरवाले खूश. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल तीमथ्याचं कौतुक करतो. का? तर तो तुमची मनापासून काळजी वाहील म्हणून. क्रियापद? तेच. मेरिम्नाओ. आणि करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल आपल्या हालअपेष्टांची यादी देतो आणि शेवटी सांगतो की या सगळ्यावर मला रोज सगळ्या मंडळ्यांची चिंता असते. नाम त्याच कुळातलं: मेरिम्ना.

म्हणजे ज्या माणसाने चिंता करू नका असं लिहिलं, त्यानेच आपल्याला रोज चिंता असते असंही लिहून ठेवलंय. त्याचा विश्वास कमी होता म्हणायचं का? कुणाची छाती आहे?

अर्थ उघड आहे. काळजी दोन प्रकारची. एक स्वतःभोवती गरगरणारी, जी उद्याच्या दिवसाला आजच खाऊन टाकते. दुसरी कुणासाठी तरी उठायला लावणारी. पहिली सोडायला सांगितलीय, दुसरीची शाबासकी दिलीय. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात चिंता देवावर टाकायला सांगितलंय, ते तरी कुणाला? ज्याच्या खांद्यावर ओझं आहे त्यालाच ना? ज्याच्याकडे ओझंच नाही त्याला "टाक" असं कुणी सांगत नाही.

याहून मोठा पुरावा गेथशेमाने बागेत आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू तिथे प्रार्थना करतो. लूक सांगतो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. हा प्याला टळावा, असं तो मागतो. प्याला टळत नाही. आता ते चहासोबतचं वाक्य इथे लावून बघा. "प्रभू, तुला काळजी वाटते ना? म्हणजे तुझा..." पुढचं उच्चारवतसुद्धा नाही. जे वाक्य ख्रिस्ताला लावता येत नाही, ते ख्रिस्ती माणसाला कशाला लावता?

बरं, हे झालं पुस्तकातलं. आपल्या मातीत काय दिसतं?

कोरेगावाहून एसटीने पाऊण तासावर सातारा. तिथे १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनची नोकरी सोडून आले आणि त्यांनी "देवाचा दरबार" सुरू केला. टिळकांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते: राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. उद्याची चिंता सोडायला सांगणारा भाग याच प्रवचनातला. आणि टिळकांनी तो अक्षरशः मनावर घेतला! घरात आलेला पैसा कुणा गरजूच्या हातात जायला वेळ लागत नसे. पाहुणा, विद्यार्थी, अनाथ पोर, कुणीही येवो, दार उघडं.

फार थोर. पण या थोरपणाचा हिशेब कोण ठेवत होतं? लक्ष्मीबाई. "स्मृतिचित्रे" वाचा. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक मराठीतल्या अव्वल आत्मचरित्रांपैकी एक मानलं जातं, आणि माझ्या मते ते काळजीवरचंही अव्वल पुस्तक आहे. नवरा उद्याचा विचार करत नाही, म्हणून उद्याची चूल बायकोने पेटवायची. लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात, पण त्या हसण्याखाली काय आहे ते कळायला फार हुशारी लागत नाही.

यातून मी एक साधा नियम काढलाय: घरात एक माणूस पूर्ण बिनघोर असला, की दुसऱ्याच्या डोक्यावर दुप्पट ओझं आहे असं समजावं. "मी सगळं देवावर सोडलंय" म्हणणाऱ्याने एकदा बघून घ्यावं की सोडलेलं खरंच देवाकडे गेलंय, की बायकोकडे, आईकडे, नाहीतर टीममधल्या ज्युनियरकडे गेलंय. (रविवारी ऑन-कॉलवर नेहमी कोण असतं, तेही जाता जाता तपासा. :-))

पण लक्ष्मीबाईंचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणू धजेल? नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, आपल्या मनाने विचार केला, आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं "ख्रिस्तायन" अपुरं होतं. ते पुढे नेलं ते याच बाईने, जिला धड शालेय शिक्षणही मिळालेलं नव्हतं. काळजी करणारी बाई होती ती. आणि विश्वास ठेवणारीही. दोन्ही एकाच वेळी.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. त्यांच्याबद्दल बोलताना लोक १९०५ सालच्या केडगावच्या प्रार्थनेच्या लाटेबद्दल भारावून बोलतात. शेकडो स्त्रिया रोज एकत्र प्रार्थना करत, जगभर त्याची बातमी गेली, सगळं खरं. पण ही बाई त्या प्रार्थनेपर्यंत कुठून आली ते विसरता कामा नये. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने तीर्थयात्रा केल्या, व्रतं केली, जवळचं होतं नव्हतं ते दानात घातलं. धर्म सांगत होता की हे करा, संकट टळेल. संकट टळलं नाही. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. "अमुक करा, तमुक मिळेल" हा सौदा रमाबाईंनी उपाशीपोटी तपासून पाहिला होता. म्हणून मला खात्री आहे की तोच सौदा कुणी येशूचं लेबल लावून त्यांच्यापुढे ठेवला असता, तर त्यांनी तो क्षणात ओळखला असता.

मग त्यांची प्रार्थना कशी होती? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायका घेऊन परतल्या. १९०० च्या सुमारास मुक्ती मिशनमध्ये जवळपास दोन हजार जणी होत्या. दोन हजार! रोज दोन वेळचं जेवण, कपडे, आजारपण. या बाईला काळजी नसेल? तिने प्रार्थना केली आणि विहिरी खणून घेतल्या. प्रार्थना केली आणि माग लावले, तेलाची घाणी टाकली, छापखाना काढला. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या वेळी आपल्या एका मुलीच्या बाबतीत सरकारी व्यवस्थेने केलेल्या हेळसांडीवर "बॉम्बे गार्डियन"मध्ये जाहीर पत्र लिहिलं, ते पार इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गाजलं. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून पुरं झालं. मघाशी मी एका ग्रीक क्रियापदावर एवढी टकळी लावली, त्याला आपल्याकडे हा वारसा आहे.

रमाबाईंच्या प्रार्थनेनंतर काळजी नाहीशी झाली नाही. ती कामाला लागली.

तिसरं नाव तुमच्या-माझ्या वाटेवरचं आहे. कोरेगाव स्टेशनवरून मिरजेकडे जाणारी गाडी पकडा. मिरजेच्या अलीकडे, सांगलीजवळ, एक वस्ती लागते, वानलेसवाडी. कॅनडातून आलेले डॉक्टर विल्यम वानलेस यांच्या नावाची. त्यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, मग वैद्यकीय शाळा काढली, पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. वानलेस मिशनरी होते, प्रार्थनेवर त्यांचा विश्वास होता. तरी त्यांनी प्रार्थनेची खोली बांधून हात झटकले नाहीत. शस्त्रक्रियेची खोली बांधली. त्यांच्या लेखी या दोन खोल्यांत भांडण नव्हतं. आणि कसं असेल? पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, हे कलस्सैकरांच्या पत्रातच आहे. पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, "प्रार्थना कमी पडतेय" असं सांगत नाही.

मग जी मंडळी मोतीबिंदूला, मधुमेहाला, अपेंडिक्सला बिनदिक्कत दवाखान्यात जाते, तीच मंडळी मनाच्या आजाराला तेवढी "विश्वास वाढव" ही गोळी का देते? मेंदू हा अवयव नाही का? इन्सुलिन घेणाऱ्या काकांना कुणी अविश्वासू म्हटलेलं मी ऐकलं नाही.

साताऱ्याने आपल्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरही दिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो त्याच वर्षी झाला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं त्या कायद्याने गुन्हा ठरवलं. आमच्यातले काही जण हे नाव ऐकलं की कपाळाला आठ्या घालतात. मी घालत नाही. साप चावलेल्याला डॉक्टरपासून अडवणं जर गुन्हा, तर घबराटीचे झटके येणाऱ्याला अडवणं निदान पाप तरी समजा! कलम लागो न लागो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण इथवर वाचून माझे काही ऑफिसातले मित्र मिशीत हसत असतील. "बघ, तूच कबूल करतोस. प्रार्थनेने काही होत नाही. मग सरळ गोळी घ्यायची, ध्यानाचं ॲप लावायचं, देव मध्ये कशाला?"

या मित्रांच्या हातात एक भारी कागद आहे, तो मीच काढून देतो. एप्रिल २००६ मध्ये "अमेरिकन हार्ट जर्नल"मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा. सहा रुग्णालयं, बायपास शस्त्रक्रियेचे १८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्यासाठी प्रार्थना केली, पण त्यांना सांगितलं की होईल किंवा होणार नाही. दुसऱ्यालाही तेच सांगितलं, पण प्रार्थना केली नाही. तिसऱ्याला स्पष्ट सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे. निकाल? पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के. फरक नाही. आणि ज्यांना प्रार्थनेची खात्री होती त्यांच्यात ५९ टक्के. म्हणजे जास्तच!

मी इंजिनियर माणूस आहे, आकडे आवडले नाहीत म्हणून फाडत नाही. हा अभ्यास मला मान्य आहे. त्याने काय सिद्ध केलं? प्रार्थना म्हणजे बटण नाही. इकडून विनंती टाकली, तिकडून ठराविक उत्तर आलं, असा एपीआय नाही. छान झालं! कारण ख्रिस्ती प्रार्थना तशी असल्याचा दावा गेथशेमानेनंतर कुणी करायलाच नको होता. बेन्सनच्या आकड्यांनी मोडला तो पोस्टरवाल्यांचा देव. आणि त्या ५९ टक्क्यांमागे नेमकं काय कारण होतं ते त्या अभ्यासातून ठरत नाही, पण "आपल्यासाठी प्रार्थना चाललीय, म्हणजे आता आपण बरं झालंच पाहिजे" हे दडपण कसं असतं, ते मला माझ्या त्या मित्राकडून चांगलं माहीत आहे.

मग प्रार्थनेने होतं तरी काय? मित्रांनो, मी रोज प्रार्थना करतो आणि तिने माझी काळजी आवरली जाते, हे मी छातीठोक सांगतो. कशी, ते सांगतो.

एक. काळजी गोल फिरते, प्रार्थना सरळ बोलावी लागते. रात्री अडीचला डोक्यात जे चालू असतं त्याला वाक्यं नसतात. तेच तुकडे फिरत राहतात. प्रार्थनेला मात्र कर्ता लागतो, कर्म लागतं, क्रियापद लागतं. "देवा, उद्या मॅनेजरने बोलावलंय, मला नोकरी जायची भीती वाटते, बाबांना काय सांगू कळत नाही." एवढं स्पष्ट बोललं की अर्धा गुंता तिथेच दिसायला लागतो. तुम्ही म्हणाल, डायरी लिहूनही हे होतं. होतं की. पण डायरी ऐकत नाही. ऐकणारा कुणी आहे, तो मला ओळखतो, आणि माझं प्रमोशन झालं नाही तरी ओळखेल, हा माझा विश्वास आहे. तो मी तुमच्यावर लादत नाही, पण फरक तिथे पडतो हे खरं.

दोन. येशूने शिकवलेली प्रार्थना फक्त आजच्या भाकरीपुरतं मागते. माझ्या फ्लॅटचं कर्ज २४० हप्त्यांचं आहे. काळजी मला २४० हप्ते आजच भरायला लावते. प्रार्थना सांगते, आजचं बोल. प्लॅनिंग करू नको असं ती सांगत नाही, एक्सेलची शीट उघडीच असते. पण शीट बंद केल्यावरही जे डोक्यात चालू राहतं, त्याला ती लगाम घालते. आणि मत्तयातला तो भाग संपतो कसा? उद्या काही त्रास नाही असं म्हणत नाही. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, असा त्याचा रोख आहे. त्रास आहे हे गृहीत धरूनच तो बोलतोय. आकाशातल्या पाखरांचं उदाहरणही तसंच. पाखरं पेरत नाहीत हे खरं, पण सकाळी घरट्यात तोंड उघडून बसूनही राहत नाहीत.

तीन, आणि माझ्या मते हे सगळ्यात मोठं. त्या प्रार्थनेत "मी" नाही. "आमचा" पिता, "आमची" भाकर, "आम्हाला" क्षमा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अनेकवचन. काळजी माणसाला एकटं पाडते, तिला एकटेपणातच जोर चढतो. ही प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं, की शेजारी आणखी कुणीतरी आहे हे आपोआप मान्य करावं लागतं. आणि मान्य केलं की फुकट सुटता येत नाही. "आमची भाकर" म्हटल्यावर नोकरी गेलेल्या सहकाऱ्याचा सीव्ही पुढे पाठवणं आलं. "आमची" म्हटल्यावर धडधडत्या छातीच्या मित्राबरोबर डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसणं आलं. पुष्कळदा प्रार्थनेचं उत्तर आपणच असतो, फक्त आपल्याला ते सोयीचं नसतं. ध्यानाच्या ॲपमध्ये मला हे सापडलं नाही. तिथे सगळं माझा श्वास, माझी शांती, माझी स्ट्रीक.

चार. "तुझी इच्छा" म्हणणं. याचा अर्थ हात जोडून बसणं नव्हे, हे रमाबाईंकडे बघून कळतं. अर्थ इतकाच की प्रयत्न माझे, पण निकालाची मालकी माझी नाही. कोरेगावच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. आल्याची लागण तो जीव ओतून करतो, आणि भाव आपल्या हातात नाही हेही जाणतो. आपल्याला मात्र डॅशबोर्डने अशी सवय लावलीय की जगातली प्रत्येक गोष्ट आपण मॉनिटर केली की ती आपल्या ताब्यात येते.

म्हणजे मी दोन्ही बाजूंशी भांडतोय. प्रार्थना म्हणजे गुंगीचं औषध, असं एक बाजू विकते आणि दुसरी त्याच समजुतीवर हसते. दोघांचा गैरसमज एकच.

शेवटी आमच्या मंडळ्यांना, आणि खास करून आमच्या वयाच्या तरुण संघांना, तीन मागण्या. भांडणाला नुसता राग पुरत नाही.

पहिली: साक्षी देण्याची पद्धत बदला. आज साक्ष द्यायला पुढे कोण येतं? ज्याची नोकरी वाचली तो. ज्याचा व्हिसा झाला ती. ज्याची गेली तो मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन छताकडे बघत पडतो. फक्त यशस्वी झालेल्या विनंत्यांचा लॉग ठेवून सिस्टिम ठणठणीत आहे म्हणणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणू? तेव्हा वर्षातून एक रविवार न मिळालेल्या उत्तरांच्या साक्षींचा ठेवा. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत. ती उपासनेत चालतात, मग जिवंत माणसाचा विलाप का चालत नाही?

दुसरी: "औषध बंद कर" हे वाक्य डॉक्टर सोडून कुणीही उच्चारायचं नाही. पाळकसाहेबांनी नाही, प्रार्थनागटाच्या ताईंनी नाही, पाहुण्या प्रचारकाने तर नाहीच नाही. हे पुलपिटावरून स्वच्छ मराठीत जाहीर व्हावं. आणि सूचनाफलकावर उपासनेच्या वेळेखाली एक नंबर लिहा: १४४१६. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. एका ओळीची जागा लागते.

तिसरी: कुणी "मला काळजी वाटते" म्हणालं, तर पहिला प्रश्न त्याच्या विश्वासाबद्दल नको. "कसली?" असं विचारा. मग गप्प बसून ऐका. मग त्याच्यासाठी नव्हे, त्याच्याबरोबर प्रार्थना करा. आणि उठताना विचारा, "उद्या मी काय करू?" हा शेवटचा प्रश्न गाळला, तर आधीची प्रार्थना स्वस्तात उरकली असं समजा.

विश्वास कमी असल्याचं लक्षण बघायचंच असेल, तर ते काळजी करणाऱ्यात शोधू नका. शेजारचा माणूस घाबरलेला असताना ज्याला काहीच वाटत नाही, ज्याच्याकडे त्याला द्यायला फक्त एक वाक्य आहे, त्याच्यात शोधा.

असो. बरंच लांबलं. पटलं नसेल तर भांडा, पण ते चहाबरोबरचं वाक्य तेवढं या रविवारी कुणाला म्हणू नका.